ओठांचा बारावा दिवस

मंगळवार, ९ फेब्रुवारी

लाडके चिमे,

आशीर्वाद आहेतच, ते काही मागे घेता येत नाहीत.

तू रोज ओठांची चौकशी करतेस, तर आधी तेच सांगते. तू सुईनं ओठांत कायमचा रंग भरलास त्याला आज बारावा दिवस. खपल्या सगळ्या गळल्या, एकही नखानं ओढली नाही. चौथ्या दिवशी खाज अशी सुटली की भिंतीला तोंड घासावंसं वाटलं, पण तू दम दिला होतास म्हणून हात मांडीखाली दाबून बसले. चहा कोमट, तोही नळीनं. तिखट बंद. उकळून गार केलेल्या पाण्यात कापूस बुडवून टिपायचं, मग मलम, तांदळाच्या दाण्याएवढंच. शाळेत मास्क लावून शिकवलं. हसायची बंदी होती ना, तर पहिलीच्या पोरांना वाटलं बाई रागावल्यात. आठवडाभर वर्ग चिडीचूप. रंग आधी भडक होता, मग गेल्यासारखा वाटला, आता हळूहळू परत वर येतोय. तू म्हणाली होतीस तसंच. काम चोख आहे तुझं, नावं ठेवायला जागा नाही.

पहिले तीन दिवस तू पार्लर सोडून सकाळ-संध्याकाळ आलीस. माझी हनुवटी धरून ओठ टिपलेस. चौतीस वर्षं बोलताना तोंडावर हात धरणारी मी, तुझ्यापुढे तोंड वर करून डोळे मिटून बसले. कामाआधी आणि कामानंतर तू फोटो काढलेस, तेव्हाही नाही म्हटलं नाही. "ताई, ओठ कसे भरतायत ते बघायला. फक्त माझ्यापाशी राहतील," म्हणालीस.

परवा शेजारच्या काकूंनी आईला तुझ्या पार्लरची जाहिरात मोबाइलवर दाखवली. डावीकडे माझा व्रणाचा ओठ, उजवीकडे रंगवलेला. तेवढंच असतं तर तुला चार शब्द सुनावून मोकळी झाले असते. पण खाली तू लिहिलंस, 'लहानपणी आईनं पुसलेल्या ओल्या फरशीवर घसरून ताईचा ओठ फाटला. धाकट्या बहिणीनं तो सुंदर करून परत दिला.'

चिमे, असं लिहवलं तरी कसं तुला? केसानं गळा कापलास माझा.

मी घसरले नव्हते. बाहुलीवरून भांडण झालं आणि तू मागून दोन्ही हातांनी ढकललंस. मी लोखंडी खाटेच्या कडेवर आपटले. तू पाच वर्षांची, मी नऊची. बाबांचा हात किती जड होता ते मला ठाऊक होतं, म्हणून फरशी ओली होती, पाय घसरला, असं सांगितलं. आठवत नाही म्हणू नकोस. तुझ्या लग्नाच्या आदल्या दिवशी याच गोष्टीवरून माझ्या गळ्यात पडून रडली होतीस. मीच म्हणाले, झालं गेलं विसरून जा. पण विसर म्हटलं होतं गं, त्याची जाहिरात कर नव्हतं म्हटलं.

यात माझंही पाप आहे. तुला वाचवलं आणि आईला अडकवलं. बाबा जाईपर्यंत त्यावरून तिला टोचून बोलत राहिले. सत्तरी ओलांडली तरी ती फरशी पुसून झाली की गुडघ्यांवर बसून कोरड्या फडक्यानं पुन्हा पुसते. आपण दोघी तिला हसायचो. मी कोणत्या तोंडानं हसायचे, देव जाणे.

जाहिरात वाचून ती दिवसभर जेवली नाही. संध्याकाळी माझा चेहरा खिडकीकडे वळवून बघत राहिली आणि म्हणाली, "बरं झालं बाई, माझ्या हातून झालेलं धाकटीनं निस्तरलं." मला तेव्हाही खरं सांगवलं नाही. आत जाऊन उशीत तोंड खुपसून रडले, ओठ सांभाळायचे असतात हेसुद्धा विसरले.

फोन केला असता तर तू रडली असतीस आणि मी विरघळले असते, नेहमीचंच आहे. म्हणून पत्र. जाहिरात काढून टाक, पण आईनं वाचलं ते आता तिच्या डोक्यातून जाणार नाही. रंग पक्का करायला पुढच्या महिन्यात बोलावलंयस, त्याला मी येणार नाही. व्रणावर एकदाच भरलेला रंग धरत नाही म्हणालीस, तर न धरो.

रविवारी सकाळी आम्ही दोघी घरीच आहोत. दहापर्यंत तुझी वाट बघेन. आलीस तर आईला खरं काय ते तू सांग, मी तुझ्या शेजारी बसेन. नाही आलीस तर मी सांगेन, आणि या वेळी तुझं नाव घेऊन.

तुझ्यासाठी आईशी खोटं बोललेली,
ताई