घागरीचं झाकण

महादेवी,

घागरीवरचं तांब्याचं झाकण शोधत बसू नको, म्या कापलं. इंजिनातला धूर बाहेर नेणारी बिडाची नळी तडकली होती, ती काढून टाकली आन् ढोकीला मोडून पडलेल्या फोर्डची आणून बसवली. सांध्यात तांब्याचं पॅकिंग लागतं, आन् घरात तांबं तेवढंच होतं. बोल्ट माझ्या हातानं आवळलेत. आता येरमाळ्याच्या घाटात ट्रक चढवून बघायला चाललोय. काही होणार न्हाय.

तडकल्यापासनं गाडी लई बोंबलायची. नाक्यावरचे रजाकार कोसभरावरनं ओळखायचे. आता दारात येऊन थांबली तरी शेजारच्या लिंबाजीला पत्ता लागणार न्हाय.

गुरं रानातनं परततात त्या वेळी येतो. तवर तुझ्या भावाला कडब्याच्या गंजीतनं बाहेर काढू नको. पायाची पट्टी तेवढी बदल. ट्रकमधी शेंगांच्या पोत्यांमागं त्याच्यापुरती जागा केलीय. नाका टाळून गाडीवाटेनं बार्शीच्या हद्दीत शिरलो, की निजामाचं तिथं काही चालत न्हाय. सरळ दवाखाना गाठू.

तू रोज वळणावरचा आवाज ऐकून तवा टाकतीस. आज आवाजाची वाट बघू नको, भाकरी आधीच भाजून फडक्यात बांध. ही चिठ्ठी त्याच चुलीत घाल.

आन् आज आडावर पाण्याला जाऊ नको. तू बी येतीयस. झाकणावरनं काय भांडायचं ते बार्शीत भांड.

भीमाशंकर