सातवा हास्यप्रकार

५ नोव्हेंबर, बुधवार. सकाळी ८.
कवळी आजवर पुष्कळांची निसटली असेल. जिचा व्यायामप्रकार झाला अशा कवळीचा मी पहिलाच धनी.

नोंद असावी म्हणून: रविवारी उल्हास नदीच्या घाटावर हास्यक्लबात मी प्रमुख पाहुणा होतो, साप्ताहिकाचा कर्जत-खालापूर वार्ताहर या नात्याने. शास्त्राने सांगितलेले हास्याचे सहा प्रकार समजावून देत होतो. स्मितापासून निघून अतिहसितापर्यंत पोचलो, ते करून दाखवले, आणि वरची कवळी बाहेर. क्लबप्रमुख कोंडाजीने हवेतच झेलली. साजगावच्या कारखान्यात तीस वर्षं पत्रा दाबायच्या प्रेसवर काढलेली, हात चपळ. म्हणाला, घ्या साहेब, खराब नाय झाली.

आज कळले, लस्सी हास्य आणि मोबाइल हास्यानंतर रोज 'कवळी हास्य' होते. ओंजळ पुढे, झेलल्यासारखे करायचे, मग हा हा हा. बातमी प्रमोदिनीने आणली. आमच्या या सौभाग्यवती रोज तिकडे जातात. डॉक्टरने मन रमवायला सांगितलेय. २० तारखेला पनवेलला तिची अँजिओग्राफी. किरकोळ.

संकल्प: सूड. शास्त्रशुद्ध.

६ नोव्हेंबर.
लेखाचे शीर्षक ठरले: 'हास्याचे दुष्परिणाम'. श्वास अडकतो, पोटाला पीळ पडतो, डोळ्यांतून पाणी येते. दुसऱ्या कशाने झाले असते तर ॲम्ब्युलन्स बोलावली असती. घरात बीपीचे मशीन आहेच. सभासदांचे हसण्याआधी आणि हसल्यावर मोजायचे. वाढणारच. कोंडाजी, संपलास.

८ नोव्हेंबर, शनिवार.
कोंडाजी उलट खूश. रांगेत या रं, साहेब फुकट बीपी बघत्यात, म्हणून ओरडला. मग माझ्या कानाशी: घट्ट बसवलीय ना?

मोतीबाई कशेळ्याहून भाजी घेऊन येतात आणि पाटी उतरवण्याआधी हसून घेतात. आधी १५०, नंतर १३६. बाकी अकरा जणांचेही उतरले. माझे, अजिबात न हसता, १४४ वरून १६२. मशीन सदोष. प्रमोदिनीने हात पुढे केला तेव्हा सेल संपल्याचे सांगितले.

११ नोव्हेंबर, मंगळवार.
नवे सेल. पुन्हा बारापैकी बारा उतरले. लोकच पक्षपाती. मोतीबाई म्हणाल्या, झोप चांगली लागतेय, गुडघं पण कमी दुखत्यात. लिहून घेतले नाही. प्रमोदिनीच्या पाळीला मशीनचा पट्टा सैल झाला होता.

कवळी हास्यात ती सर्वांत पुढे. मान मागे टाकून हसते. घरी माझ्या विनोदावर शेवटची कधी हसली, हे पाहायला जुन्या डायऱ्या चाळल्या. वर्ष चुकीचे निवडले असावे.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार.
नवी योजना. हास्य संसर्गजन्य असेल, तर गांभीर्यही असणारच. पहिल्या रांगेत पुतळ्यासारखा उभा राहिलो. सात मिनिटे टिकलो. कोंडाजी समोर आला. माझ्या हनुवटीखाली ओंजळ धरून थांबला.

मी हसलो नाही. तो खोकला होता. नंतरचे बीपी १३०. गार हवेचा परिणाम.

१६ नोव्हेंबर, रविवार.
अंक आला. संपादकांनी लेख टाकून दिला, आकड्यांचा तक्ता ठेवला. पान एक: 'हसा आणि बीपी घालवा: कर्जतच्या क्लबाचा प्रयोग'. फोटो कोंडाजीचा. माझे नाव नाही. तो पेढे घेऊन घरी आला. म्हणाला, सहा तुमच्या शास्त्रातले, सातवा तुमचा सोताचा, आमी काय केलं सांगा? पेढा मऊ होता, म्हणून खाल्ला. सूड चालूच.

जाताना त्याने प्रमोदिनीला विचारले, गुरुवारी पनवेलला संगती कोन हाय? ती म्हणाली, हे आहेत ना.

१९ नोव्हेंबर, बुधवार. दुपारी ३.
उद्या सातला गाडी सांगितली आहे. प्रमोदिनी बॅग भरत होती. रिपोर्ट, टॉवेल, गाउन. तिसऱ्यांदा सगळे काढून पुन्हा भरले. मी समोर उभा राहिलो, कवळी काढली आणि उंच उडवली. झेल, म्हटले.

तिने हात पुढे केला नाही. फरशीवर दोन तुकडे.

ती म्हणाली, अहो, उद्या डॉक्टरांशी बोलायचं कसं तुम्ही? मग तुकडे रुमालात बांधून बॅगेत ठेवले. पनवेलला जोडून मिळेल म्हणाली.

मी विचारले, तिथे एवढी हसतेस, घरी का नाही? म्हणाली, घरी तुमचा चेहरा दिसतो. केवढे घाबरलात तुम्ही.

कोंडाजीने माझे काही बिघडवलेले नाही. तिचे बीपी मी एकदाही मोजले नाही, कारण आकडा बघायचा नव्हता. उद्या ती आत जाईल आणि मला बाहेर बसवतील. ती परत आली नाही तर, एवढीच भीती आहे. पहिल्या दिवसापासून.