होकाराचा चहा

बाबा,

काल आम्ही लेकीसाठी एक कॉलेज बघून आलो. एमबीएचंच. तिच्याकडे दोन ठिकाणची पत्रं आलीत आणि आठवडाभर घरात दुसरा विषय नाही. तिथल्या बाई फार अगत्याच्या, बसल्याबसल्या कॉफी आली. मी कप हातात धरून नुसती बसले. तुमचे जावई कोपराने ढोसतायत, "पी ना, गार होतेय." माझ्या तोंडून निघून गेलं, "अजून ठरलं नाही ना." बापलेक मग गाडीत बसेपर्यंत हसत होते. त्यांना काय कप्पाळ समजावणार! ज्यांना समजावायची गरज पडली नसती त्यांनाच लिहावं म्हणून आज सकाळी बसले.

आपल्यात स्थळ बघायला गेलं की पसंती ठरेपर्यंत मुलाच्या घरी फक्त पाणी प्यायचं. चहा घेतला किंवा घासभर काही खाल्लं, की होकार. आत्याच्या मुलीच्या वेळी तुम्ही कितीतरी घरी पाणी पिऊन परत आलात, आणि आत्या वैतागून म्हणाली होती, "आता पोटात मासे सोडायचे र्‍हायले." पण तुम्ही सोडणारे नव्हतात. आधी गावातल्या पिठाच्या गिरणीत चौकशी, मग सलूनमध्ये, मग नळावरच्या बायकांत, आणि सगळ्यात शेवटी मुलाचं घर. फ्रीज घेतानासुद्धा तुम्ही दुकानदाराला सोडून त्याच्या हमालाला बाजूला घेतलं होतंत.

मग माझ्यासाठी कॉलेजं आली, तुमच्या दृष्टीने ती स्थळंच, तेव्हा तुम्ही दुसरं काही करणं शक्यच नव्हतं. आई जाऊन काही वर्षं झाली होती. ऐरोलीच्या त्या दोन खोल्यांत आपण दोघंच. मी भाकऱ्या थापायचे आणि सुकटीची चटणी तुम्ही करायचात, कारण माझी करपायची. सुकट दिवाळे गावच्या एका ठरलेल्या मासेवाल्या मावशीकडूनच, दुसऱ्या कुणाची तुम्हाला वासालासुद्धा चालत नाही असं आत्या चिडवायची. रबाळ्याच्या तुमच्या कंपनीत एक नवा साहेब आला होता, पंचविशीचा, टाय लावणारा, एमबीए. तुम्ही घरी येऊन हातपाय धुता धुता म्हणालात, "तो नक्की काय काम करतो ते मला अजून कळलेलं नाय. पन सगळी त्याला इचारून करतात. तसलं कायतरी शीक."

मी शिकायला निघाले तर दोन ठिकाणी नंबर लागला. एक बेलापूरच्या बाजूला, घरून जाऊन-येऊन करण्यासारखं. दुसरं पुण्याला, हॉस्टेलवर राहून. पुण्याचं चांगलं, हे कुणीही सांगितलं असतं, आणि मला तिथे जायचंही होतं, अगदी मनापासून. पण तुम्ही सेकंड शिफ्ट करून येणार, कुलूप उघडणार, दिवा लावणार आणि आत कुणी नाही, हे डोळ्यांपुढे आलं की माझं पुणं तिथेच संपायचं. म्हणून मी म्हणत राहिले, "बाबा, जवळचंच बरं. रोज घरी येता येईल." तुम्ही भाकरी मोडत म्हणालात, "बघून ठरवू."

बघायला आपण वरात नेली! तुम्ही लग्नातला सफारी, आत्या कामोठ्याहून नवी साडी नेसून. बेलापूरच्या कॉलेजच्या फाटकावर तुम्ही वॉचमनला तंबाखू दिलीत आणि विचारलंत, "पोरं कशी हायत? बाटली-बिटली?" ऑफिसातल्या क्लार्कने बिचाऱ्याने चहा मागवायला हाक मारली तर आत्या घाईघाईने हात आडवा करते, "नको हो, अजून काय ठरलं नाय. पानी द्या." तो चक्रावलेला. तुम्ही माहितीपत्रक उलटसुलट करून त्याला विचारताय, "मान्सं किती हायत घरात?" म्हणजे शिकवणारे किती. मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. नोटीस बोर्ड बघून येते म्हणून मी सटकले, आणि तुमची चौकशी संपेपर्यंत आलेच नाही. परत निघालो तेव्हा ऊन रणरणत होतं. बस स्टॉपवर तुम्ही माझ्याकडे बघितलंत, खिशातून रुमाल काढलात आणि म्हणालात, "तोंड पूस." मी पुसलं.

पुढच्या शनिवारी पुणे. पनवेलहून एसटीने. तिथे तर कॉलेजात शिरायच्या आधी तुम्ही कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याकडे तासभर बसलात. तो सांगत होता की कंपन्या नोकऱ्या द्यायला येतात त्या दिवसांत पोरांचे शर्ट ठेवायला जागा पुरत नाही, आणि पोरींचेही तेवढेच असतात. "पोरींचे पन?" तुम्ही दोनदा विचारलंत. मग हॉस्टेल बघितलं, गच्चीवरची पाण्याची टाकी बघितली, मेसमध्ये डाळीत डाव फिरवून बघितला. रेक्टरबाई हसून म्हणाल्या, "बसा, चहा घ्या." आत्याने सवयीने तोंड उघडलं, "नको, अजून काय..." आणि तुम्ही कप उचललात. बशीत ओतलात, फुंकर मारलीत आणि माझ्याकडे न बघता सगळा चहा प्यायलात. आत्या तुमच्याकडे बघतच राहिली. "अरे, पिलास?" "पिलो," तुम्ही म्हणालात. "साखर जरा जास्त हाय." बाईंना वाटलं, चहाबद्दल भांडण चाललंय. मला मात्र कळलं, पुणं ठरलं. आनंद झाला की काय झालं, ते मला तेव्हाही सांगता आलं नसतं.

परतीच्या एसटीत मी भांडले. पुण्याला पाठवून तुम्ही एकटे काय करणार, बेलापूरमध्ये काय वाईट होतं, असं बरंच काही. तुम्ही खिडकीबाहेर बघत ऐकून घेतलंत. मग म्हणालात, "गो बाय, एवढ्या जवळ दिलेली पोरगी नांदत नाय. रोज संध्याकाळी उठून म्हायेरी येते." आत्या मागच्या सीटवरून म्हणाली, "खरं हाय." दोघांपुढे माझं काय चालणार!

मी नांदले, बाबा. चांगली नांदले. दर रविवारी सकाळी तुम्ही खालच्या एसटीडी बूथवरून हॉस्टेलला फोन करायचात आणि पहिला प्रश्न एकच, "काय गो, नांदतेस ना?" मागे बूथवाल्याचं हसणं ऐकू यायचं. मी दिवाळीला आले तेव्हा तुम्ही सोसायटीच्या कॅरम टीमचे कॅप्टन झाला होतात आणि मला द्यायला तुमच्याकडे वेळ नव्हता. मला थोडा राग आला आणि पुष्कळ बरं वाटलं. परत निघताना पिशवीत सुकटीच्या चटणीची बरणी होती, माझ्या रूमवरच्या पोरींना पुरेल एवढी.

आज लेक विचारत होती, "आई, तू पुणं कसं निवडलंस?" मी लोकांना सांगते तेच तिला सांगितलं, नोकऱ्या चांगल्या लागायच्या. आता तुम्हाला खरं सांगायला हरकत नाही, हे काही पोस्टात पडणार नाही. बेलापूरच्या त्या कॉलेजात मी नोटीस बोर्ड बघितलाच नव्हता. मी कॅन्टीनमध्ये गेले होते आणि मुद्दाम, जाणूनबुजून वडापाव खाल्ला होता. रीत मलाही ठाऊक होती. तुम्ही दोघं पाण्यावर थांबलात आणि मी आत जाऊन होकार देऊन आले, कारण मला तुम्हाला सोडून कुठेही जायचं नव्हतं. ही गोष्ट फक्त मलाच माहीत, असं इतकी वर्षं धरून चालले होते. काल तो कॉफीचा कप हातात धरून बसले असताना एकदम तुमचा रुमाल आठवला. धुवायला मीच टाकला होता तो त्या संध्याकाळी. त्यावर घाम नव्हता, बाबा. लाल चटणी होती.