डावीकडचा आवाज

प्रिय प्रांजल,

पाकिटावर माझं अक्षर बघून तू घाबरली असशील, तर आधी नीट बस आणि मग वाच. आई बरी आहे, मीही हिंडतेफिरतेय. फोनवर बोलता आलं असतं, पण फोन हातात घेतला की आई समोर असते, आणि ती समोर नसते तेव्हा माझीच जीभ अडखळते. म्हणून रविवार बघून लिहायला बसले. जव्हारात थंडी चांगली पडलीय. आईनं तुझ्यासाठी नागलीचं सत्त्व करायला घेतलंय. पाचव्या महिन्यात ते अंगी लागतं म्हणे. गच्चीवर कापड पसरून ती कावळे हाकत बसते आणि मी वर गेले की तुझी चौकशी करते. तुला काय खावंसं वाटतं ते कळव. विषय मिळाला की तिचा दिवस बरा जातो.

तर ही गोष्ट एका इअरफोनपासून सुरू झाली. तुला माहीतच आहे, रोजची माझी मोखाड्याची एसटी म्हणजे काय असते. खिडक्या खडखडतात, पुढचा माणूस मोबाइलवर मोठ्यानं काहीतरी लावतो, मागचा त्याच्यावर चढ म्हणून दुसरंच लावतो. बाबांच्या कॅसेटमधली बासरी मी मोबाइलमध्ये उतरवून घेतली होती, ती शांतपणे ऐकावी म्हणून चांगला इअरफोन घ्यायचं ठरवलं. कानावर बसणारा मोठा नको, त्यानं केस विस्कटतात आणि बसमध्ये सगळे बघत राहतात. कानाच्या आत नीट बसणारा हवा, म्हणजे बाहेरचा गोंगाट आपोआप कमी होतो. चंदाला विचारलं. चंदा म्हणजे माझ्या शेजारच्या टेबलावरची, वावर गावाकडची, जव्हारातून माझ्याबरोबरच ये-जा करते. तिनं सांगितलं, बिनवायरचं घेऊ नका, माझ्या भावाचं कानात घालायचं एक बोंडूक घाटातल्या वळणावर खिडकीतून गेलं, तेव्हापासून तो एका कानानंच गाणी ऐकतो. मी फार हसले होते त्यावर.

बाजारात केयूरचं मोबाइलचं दुकान आहे, शनिवारी आम्ही दोघी तिथे गेलो. पोरगा भला आहे, उघडून दाखवायला कुरकुर करत नाही. त्यानं वायरचा एक जोड दिला, मी बासरी लावली. बासरी चांगली वाजत होती, पण तबला कुठे सापडेना. डावीकडचा आवाज दुरून आल्यासारखा, भिंतीपलीकडे कुणी वाजवत असावं तसा येत होता. केयूर म्हणाला, रबराची टोपी कानात घट्ट बसली नाही तर बेस उडून जातो, मोठी टोपी लावून बघा. मोठी लावली, मग मधली लावली. तबला तिकडेच. त्यानं दुसरा जोड काढला, मग महागातला काढला, मोबाइलमध्ये डाव्या-उजव्या आवाजाचा काटा सरकलाय का तेही बघितलं. काटा मध्येच होता. मी जरा चिडूनच म्हटलं की तुझ्याकडचा सगळा माल एकाच बाजूनं खराब कसा? त्यानं तोच जोड पुसून चंदाच्या हातात दिला. चंदानं लावला, डोकं हलवलं आणि म्हणाली, "दोन्हीकडून सारखाच येतोय की, ताई."

तेव्हा मला सुचलं. मी जोड उलटा लावला, उजवं बोंडूक डाव्या कानात आणि डावं उजव्यात. आता तबला उजवीकडे आला, घट्ट, खणखणीत. आणि बासरी भिंतीपलीकडे गेली. प्रांजल, खराब केयूरचा माल नव्हता, माझा डावा कान होता. केयूर वाट बघत होता, कुठला देऊ म्हणून. मी समोरचा पहिला जोड उचलला, हाच आवडला म्हणाले आणि बाहेर आले. चालताना चंदा आपणहून माझ्या उजव्या बाजूला आली.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते तुला सांगते, कारण दुसऱ्या कुणाला सांगितलेलं नाही. न्हाणीघरात कडी लावून मी एकेका कानाशी बोटं चोळून बघायची. मनगटावरचं घड्याळ डाव्या कानाशी धरायची, टिकटिक यायची नाही, मग वाटायचं घड्याळच बंद पडलंय. मळ असेल म्हणून आपल्या इथल्या डॉक्टरांना दाखवलं. मळ नव्हता. त्यांनी नाशिकच्या कानाच्या डॉक्टरांचं नाव दिलं, आणि मी ती चिठ्ठी पर्समध्ये घालून उगीच हिंडत राहिले. सगळ्यात विचित्र म्हणजे बसच्या खडखडाटात मला चंदाचं बोलणं स्पष्ट ऐकू यायचं, आणि शांत ऑफिसात साहेब काही म्हणाले की मी त्यांच्या ओठांकडे बघायची. मग स्वतःला समजवायची की ज्याला एसटीत ऐकू येतं त्याचा कान कसा बिघडेल. ऑफिसात कुणाला कळलं तर काय म्हणतील, उद्या दुसराही कान गेला तर आईला कोण सांभाळेल, असले विचार डाळ-तांदूळ निवडतानासुद्धा चालू असायचे.

एक दिवस राहवलं नाही. आई सत्त्वाची भांडी घासून ओट्याशी बसली होती. मी इअरफोन तिच्या कानात बसवला आणि बाबांची बासरी लावली. खरं तर मला बघायचं होतं की तिचंही माझ्यासारखंच आहे का. आपण लहानपणापासून मोठ्यानंच बोलतो तिच्याशी, कधीपासून आणि का ते आठवतही नाही. मी आवाज वाढवत नेला, आणि प्रांजल, तिचा चेहरा असा उजळला की मी आले होते कशाला ते विसरूनच गेले. तिची बोटं गुडघ्यावर ताल धरू लागली. मग ती एकाएकी थांबली. माझ्याकडे बघितलं. दोन्ही बोंडकं काढून तळहातावर घेतली आणि तिच्या त्या नेहमीच्या हळू आवाजात विचारलं, "कुठला कान?"

मला खोटं बोलता आलं नाही. डावा, म्हणाले.

"माझाही डावाच आधी," आई म्हणाली.

त्याच आठवड्यात आम्ही दोघी नाशिकला गेलो. त्र्यंबकच्या चढाला आई खिडकीशी बसून माझा हात धरून होती, जणू मीच शाळेत पहिल्यांदा निघाले होते. डॉक्टर बाई शांत होत्या. त्यांनी स्टीलचा चिमटा असतो तसा एक काटा वाजवून माझ्या डाव्या कानासमोर धरला, अगदी पुसट आवाज आला. मग तोच काटा कानामागच्या हाडावर टेकवला, आणि आवाज एकदम डोक्यात भरून आला. त्या म्हणाल्या, तुमची नस चांगली आहे. कानात एक तांदळाच्या दाण्याहून लहान हाड असतं, ते हलायला हवं, तर ते आखडत चाललंय. हे घराण्यात असतं, बायकांत जास्त दिसतं. ऑपरेशन होतं, नाहीतर मशीन लावता येतं. घाबरायचं कारण नाही. मग त्यांनी आईला तपासलं आणि विचारलं, गोंगाटात तुम्हाला बरं ऐकू येतं का? मला आत्या आठवली. पिठाच्या गिरणीत वहिनींना सगळं ऐकू येतं, स्वयंपाकघरात तेवढं येत नाही, असं ती चारचौघांत हसून म्हणायची, आणि आई मान खाली घालून पीठ चाळत राहायची. ते सोंग नव्हतं गं. या आजारात असंच होतं. तिचं हळू बोलणंही त्यातलंच, तिचा स्वतःचा आवाज तिला आतून मोठा ऐकू येतो. सगळा गाव तिच्या मऊ बोलण्याचं कौतुक करत आला.

आईला मशीन मिळणार आहे, माप घेऊन झालंय. माझं ऑपरेशन संक्रांतीनंतर करू म्हणालेत. भीती वाटते, नाही असं नाही. पण इतकंच असतं तर मी फोनवरच सांगितलं असतं.

डॉक्टरांनी आईला आणखी एक गोष्ट विचारली, हे कधी सुरू झालं. आईनं उत्तर द्यायच्या आधी माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, हिच्या वेळी दिवस होते तेव्हा सुरू झालं, धाकटीच्या वेळी वाढलं. इतक्या वर्षांत तिनं हे बाबांनाही सांगितलं नसावं. परतीच्या बसमध्ये तिनं माझ्याकडून कबूल करून घ्यायचा प्रयत्न केला, "प्रांजलला आत्ता काही सांगू नकोस. ती मनाला लावून घेईल, की आपल्यामुळे आईचे कान गेले." मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. घरी आल्यापासून माझ्या डोळ्यांसमोरून एकच गोष्ट हलत नाही. दिवाळीत तू आलीस, ओटीवर बसलीस, आई तुझ्या डावीकडे बसून तुला काहीतरी विचारत होती आणि तू करंजी खात समोर बघत राहिलीस. आई मध्येच उठली आणि तुझ्या उजवीकडे जाऊन बसली. मला वाटलं, तिला ऊन लागत असेल. आता वाटतं, तुझ्या डाव्या कानाचं तिला तेव्हाच कळलं होतं. आपण फोनवर एकमेकींना "काय म्हणालीस?" विचारत राहतो आणि दोष रेंजला देतो, तेही आता मला ऐकवत नाही. माझी समजूत चुकीची असो, मी देवापाशी तेच मागतेय. पण डॉक्टर बाईंना मी तुझ्याबद्दल विचारून आलेय. दिवस असताना प्रत्येकीचं वाढतंच असं नाही, त्या म्हणाल्या, आणि तपासणीनं तुला किंवा बाळाला कसलाही धोका नाही. फक्त एका बंद खोलीत बसून आवाज आला की बोट वर करायचं. त्यामुळे हे पत्र ऋत्विकरावांनाही वाचायला दे आणि येत्या आठवड्यात दोघं मिळून ठाण्यातल्या कानाच्या डॉक्टरांकडे जा. आईवर रागावू नकोस, तिला यातलं काही विचारूही नकोस अजून. तुझ्या मनात आत्ता जे येईल त्याचं उत्तर मीच देऊन ठेवते, कारण माझ्याही मनात तेच आलं होतं आणि मी त्या बसमध्ये तिला विचारलं होतं. आई म्हणाली, दोघींचं पहिलं रडणं मी नीट ऐकलंय. तुझ्या रिपोर्टचं कळेपर्यंत मला झोप लागायची नाही, म्हणून बोलायला जमलं नाही तर नुसतं लिहून पाठव.

वाट बघत असलेली, तुझीच
ताई