अनंतमामाचा पोलिओ

डोकमर्डी, सिल्व्हासा
८ जानेवारी १९९६

प्रिय मधुरा,

नाशिकला थंडी कडाक्याची असेल. इथंही सकाळी धुकं असतं आणि गौरवचे पाय आणखी आखडतात. नववं लागलं त्याला. अजून चालतो, पण खाली बसला की उठताना स्वतःच्याच मांड्यांवर हात टेकत टेकत वर येतो आणि मला ओरडून सांगतो, आई, गड सर झाला! मी हसते. मग त्याला उचलून मोरीत नेते, तेव्हा पाठ बोलायला लागते.

कामाला येणारी बायडाबाई धुळ्याकडची. त्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा म्हणाली होती, पोऱ्याच्या पोटऱ्या तं पैलवानाच्या वं बाई! आम्हीही त्यावर खूश. त्या फुगलेल्या पोटऱ्या म्हणजेच दुखणं, हे मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं. स्नायू झिजत जातात, औषध नाही, पुढं चाकाची खुर्ची. अशोक राखोलीच्या कारखान्यातून येताना रोज नवं काही ऐकून येतो. कुणाचं तेल, कुठला भगत. मी नाही म्हणत नाही. वाद घालायलाही बळ लागतं गं.

डॉक्टरांनी विचारलं होतं, माहेरी असं कुणी होतं का? मी म्हटलं, नाही, एका मामाला तेवढा पोलिओ झाला होता, मिसरूड फुटायच्या आतच गेला. त्यांनी पेन खाली ठेवलं. पोलिओ एकदाच घाव घालून जातो. अनंतमामा तर दरवर्षी थोडा थोडा खचत गेला होता. हे दुखणं आईकडून मुलाला येतं. बाईला बहुधा काही होत नाही, ती नुसती ते पुढं देते. आजीकडून आईत, आईकडून माझ्यात.

परवा आईचं पत्र आलं. मधुराला तिसरा लागतोय, तिची चोरओटी भरायला ये, आणि तिथं नको ते बोलू नकोस. मी येणार आहे. पण बायका मुलगाच होऊ दे म्हणतील आणि मी तांदळाची ओंजळ घेऊन गप्प उभी राहीन, हे मला जमायचं नाही. म्हणून आधीच लिहिते. ते तुझ्यातही असू शकतं. नसेलही. मुंबईत पोटातल्या बाळाचीही तपासणी होते, पण त्याला दिवस थोडे असतात. ओटीची वाट न बघता दोघं जाऊन या. पुढं काय करायचं ते तुम्ही ठरवा, मी एक शब्द बोलणार नाही. फक्त मला कधी विचारू नकोस, ताई, तुला आधी कळलं असतं तर? गौरव पलीकडच्या खोलीतून हाका मारतोय, आणि तो घरात असताना याचं उत्तर मला मनातल्या मनातसुद्धा देता येत नाही.

तुझीच,
छायाताई