बँकेतला माणूस दुपारी घरी नसते

बाबा,

चांदूर रेल्वेचे पोरीवाले आज दुपारी आपलं घर पाहाले येऊन राहिले, अन् मी घरी नाही. फोन करू नका, उचलणार नाही. चिवडा फ्रिजवरच्या डब्यात आहे.

बँक सोडली तवापासून मी घरूनच डिझाइनचं काम करून राहिलो. तुमाले त्याची एवढी लाज, की तुमी त्यायले सांगतलं, पोरगा अजून बँकेतच आहे. मंग तुमीच सांगा, बँकेतला माणूस बुधवारी दुपारी घरी कसा सापडन? माहं जुनं ओळखपत्र टीव्हीजवळ टांगून ठेवलं तुमी, ते पाह्यलं मी. तेच दाखवजा पाहुण्यायले, चांगलं पुसून.

रोज सकाळी विहारात पंचशील म्हणता. खोटं न बोलण्याचं चौथं शील आलं की सगळ्यात मोठा आवाज तुमचाच असते. वा बाबा!

त्यायच्या ज्योत्स्नाले मी काल फोन करून खरं सांगून टाकलं. ती हसतच सुटली. तिनंही दिवाळीतच शाळेतली नोकरी सोडली म्हणे, आता घरूनच ऑनलाइन शिकवण्या घेते. अन् तिच्या बाबानं तुमाले काय सांगतलं होतं? पोरगी पर्मनंट आहे!

आमी दोघं आज अमरावतीले भेटून राहिलो. तुमी दोघं बाप सोफ्यावर आरामात बसजा, चिवडा खाजा, अन् आमच्या नसलेल्या नोकऱ्यायच्या गोष्टी करजा.

आमचं जमलं तं तुमाले कळवतो.

अश्विन