घाबरू नका, मी डॉक्टरांच्या घरून बोलतेय

४ जानेवारी १९६०, सोमवार

जगदीशचं दिल्लीहून पत्र. नव्या वर्षाच्या शुभेच्छा दोन ओळी, बाकी सगळं टेलिफोनबद्दल. आई, बाबांना जाऊन तीन वर्षं होत आली, आता तुला फोन करतं कोण? एप्रिलअखेर परत करून टाकू. ही भाषा त्याची नाही, सुनेची आहे. 'करून टाकू' असं ती म्हणते.

फोन परत करायचा नाही. कारण शुद्ध व्यावहारिक. बिल्डिंगमध्ये हा एकच फोन, तिन्ही मजल्यांचे निरोप याच्यावर येतात. भावनेचा प्रश्नच नाही.

दुपारी शामरावांचा फोन, भोईवाड्याचे, आमच्या डॉक्टरांचे जुने पेशंट. दवाखाना बंद केल्यापासून ही मंडळी घरीच फोन करतात. म्हणाले, डॉक्टर आहेत का, गुडघा परत धरलाय. म्हटलं, व्हिजिटला गेलेत, तोवर शेक घ्या. हे खोटं नव्हे. वाईट बातमी फोनवर सांगायची नाही, माणसाला समोर बसवून, पाणी देऊन सांगायची, हा डॉक्टरांचाच नियम. शामराव समोर आले की सांगेन.

८ जानेवारी, शुक्रवार

मार्ग सापडला. फोनला कमावतं करायचं, म्हणजे जगदीशचं तोंड बंद. नलूने, माझ्या धाकट्या बहिणीने, दादरहून येऊन सुचवलं. तिच्या ओळखीचे बाबुराव फोर्टमधल्या एका कंपनीत आहेत. कंपनी वाफेचे कुकर विकते. अमेरिकेत म्हणे बायका घरबसल्या, डिरेक्टरी पुढ्यात घेऊन, अनोळखी माणसांना फोनवर वस्तू विकतात. काय बोलायचं ते आधी लिहून काढतात, त्याला स्क्रिप्ट म्हणतात. लिहिणं आणि बोलणं, दोन्हींत मला शाळेत बक्षिसं होती.

सँपल आलं. झाकणावर एक वजन आहे. वजन कशाला? आतून काहीतरी बाहेर यायला बघत असणार. बाबुरावांना विचारलं तर हसले. हसण्यावारी नेणारा माणूस काहीतरी लपवत असतो. कुकर कपाटात रजयांच्या मागे ठेवून कुलूप लावलं. चोरीच्या भीतीने.

शेजारची बकुळा दोनदा विचारून गेली, डॉक्टरीणबाई, खोक्यात काय आलं? हिला कशाला एवढी चौकशी?

१२ जानेवारी, मंगळवार

पहिलं स्क्रिप्ट इंग्रजीत. गुड मॉर्निंग मॅडम, मे आय हॅव द प्लेझर वगैरे. आवाज शाळेत मदर अगाथांनी शिकवला तसा, खालचा, सावकाश. त्या म्हणायच्या, ओरडणाऱ्याचं कोणी ऐकत नाही.

एका घरी नोकराने सांगितलं, मेमसाब नहीं है. 'नहीं है बोलो' असं मागून सांगणारी मेमसाबच होती. एका पारशीणबाईंनी मात्र अर्धा तास ऐकून घेतलं. माझ्याच शाळेतल्या, दोन वर्षं मागे. कॉन्व्हेंटच्या बागेतलं चाफ्याचं झाड आठवलं, चॅपलमधलं ऑर्गन आठवलं. मग दोघींनाही जरा भरून आलं. कुकरचं राहून गेलं. एकंदरीत सुरुवात उत्तम.

बोलताना लाइनवर खट् असा आवाज येतो. कोणीतरी ऐकतं आहे.

२० जानेवारी, बुधवार

इंग्रजी बंद. गिऱ्हाईक मराठी, तर स्क्रिप्टही मराठी. निरीक्षण: अनोळखी फोन आला की आपली माणसं दचकतात. तेव्हा धीर देऊनच सुरुवात हवी. आठवडाभर खपून असं लिहिलं:

घाबरू नका. मी डॉक्टर विजयकरांच्या घरून बोलतेय. आपण उभ्या असाल तर आधी बसून घ्या. घरात कोणी मोठं माणूस आहे का? त्यांना जवळ बोलवा. आता मी सांगते ते शांतपणे ऐका.

यात एक शब्द वावगा नाही. डॉक्टरांचं नाव म्हणजे विश्वास. बसलेलं माणूस चटकन फोन ठेवत नाही. आणि मोठ्या माणसाला विचारल्याशिवाय आपल्याकडे साधी किसणी विकत घेत नाहीत.

हे बाबुरावांना दाखवणार नाही. चोरतील.

२१ जानेवारी, गुरुवार

परिणाम विलक्षण. आज एकानेही मधे तोडलं नाही, सगळे श्वास रोखून ऐकत होते. फक्त कुकरपर्यंत कोणी पोचत नाही. पहिल्या बाई 'बसून घ्या' ऐकताच अहो, अहो करून किंचाळल्या आणि रिसीव्हर पडला. दुसरीकडे एक वयस्क गृहस्थ होते. खोल आवाजात म्हणाले, कधी? म्हटलं, आपण म्हणाल तेव्हा. म्हणाले, न्यायला यावं लागेल का? म्हटलं, छे, आमची दोन माणसं घरपोच आणून देतील. पलीकडे रडारड सुरू झाली.

कुकरचं नाव काढण्याआधीच लोक रडतात, याचा अर्थ सरळ आहे. माझ्याआधी कोणा एजंटाने यांना फसवलंय. नाहीतर कुकर कुठेतरी उडालाय आणि कंपनीने दाबून टाकलंय. कपाटाला दुसरं कुलूप लावलं.

३ फेब्रुवारी, बुधवार

बकुळाचा नवरा रमाकांत हल्ली रोज फोनवर असतो. समितीचं काम आहे म्हणतो. मी स्वयंपाकघरातून ऐकलं: कंदील किती देता, वायर वेगळी का, दोन डझन पक्के समजा. हे समितीचं काम? हा माझ्या फोनवरून कंदिलांचा धंदा करतो आहे, आणि बोलण्याची ढब माझीच उचलली आहे.

बकुळाला आडून विचारलं तर उलट मलाच म्हणाली, डॉक्टरीणबाई, धंदा कसला, तुम्ही आधी तो फोन आवरा. काल भिंतीपलीकडून तुमचं घाबरू नका ऐकलं आणि मी कपाळावरचं कुंकू चाचपून बघितलं. रमाकांत म्हणाला, बाई, तुमच्या आवाजाने मला बसल्या जागी सुतक लागतं.

मत्सर.

१६ फेब्रुवारी, मंगळवार

बाबुरावांचा फोन. परवा ज्या गृहस्थांनी उलट फोन करून माझ्याकडून कंपनीचा पत्ता घेतला, त्यांनी तिथे जाऊन आरडाओरडा केला म्हणे. सगळं घर हॉस्पिटलात धावलं, वॉर्डावॉर्डात आजोबांना शोधलं. आजोबा नाक्यावर दाढी करून घेत होते. बाबुराव म्हणाले, वहिनी, हात जोडतो, त्यातलं डॉक्टर तेवढं काढा.

म्हणजे स्क्रिप्ट त्यांच्यापर्यंत पोचलंय! आता कळलं लाइनवर कोण ऐकतं ते. डॉक्टर काढणार नाही. फोन त्यांच्या नावाचा, डिरेक्टरीत नाव त्यांचं. मी कोणाच्या घरून बोलतेय म्हणून सांगू?

निश्चय: उद्यापासून 'शांतपणे ऐका'नंतर अधिक सावकाश बोलायचं.

७ मार्च, सोमवार

नलूने एक कुकर घ्यायचं कबूल केलं होतं. आज म्हणते, आमचे हे नको म्हणतात. मग हळूच विचारलं, ताई, तू स्वतः वरण कशात शिजवतेस? म्हटलं, सँपल कोरं ठेवायचं असतं, तो धंद्याचा नियम आहे. ती कपाटाकडे बघत राहिली. दोन कुलपं तिने पाहिली असावीत. सख्खी बहीणसुद्धा बाबुरावांच्या बाजूची.

३० मार्च, बुधवार

जगदीशचा ट्रंक कॉल. किती विकले, आई? म्हटलं, प्रतिसाद फार मोठा आहे, लोकांना अश्रू आवरत नाहीत. तो म्हणाला, एप्रिलअखेर अर्ज करतो. म्हटलं, अर्जाची घाई करू नकोस. तीन मिनिटं झाली, कॉल तुटला.

संध्याकाळी भोईवाड्याहून कोणी सुभद्राबाई. डॉक्टर आहेत का? म्हटलं, व्हिजिटला गेलेत. म्हणाल्या, बरे आहेत ना? म्हटलं, हो, दगदग करतात मात्र. फोन ठेवल्यावर बराच वेळ बरं वाटत होतं. म्हणून तर फोन हवा. निरोपांसाठी.

२१ एप्रिल, गुरुवार

घरगुती गिऱ्हाईक सोडलं. आता दुकानं, वखारी. व्यापारी माणूस रडत नाही. डिरेक्टरीतून रे रोडची एक लाकडाची वखार काढली. आवाज म्हातारा होता. म्हटलं, घाबरू नका, मी डॉक्टर विजयकरांच्या घरून बोलतेय. उभे असाल तर बसून घ्या. जवळ कोणी आहे का? म्हणाले, आहे, मुलगा आहे. म्हटलं, आता मी सांगते ते शांतपणे ऐका.

ते म्हणाले, बाई, डॉक्टर गेले का?

शामराव होते. मुलाच्या वखारीत दिवसभर बसतात, मला माहीत नव्हतं.

पुढची ओळ समोर लिहिलेली होती. आपल्या घरातील इंधनाची बचत. ती वाचता आली नाही. म्हटलं, हो. ते म्हणाले, कधी? यालाही स्क्रिप्टमध्ये उत्तर नव्हतं. म्हटलं, तीन वर्षं झाली. शामराव रडायला लागले. म्हणाले, जानेवारीत तुम्ही शेक सांगितला होतात, मी डॉक्टरांचाच समजून घेतला, बाई, गुडघा बरा झाला.

फोनवर सांगितलं मी. त्यांच्या नियमाविरुद्ध. पाणीसुद्धा दिलं नाही.

२४ एप्रिल, रविवार

शामरावांनी भोईवाडाभर सांगितलेलं दिसतं. तीन दिवस फोन थांबत नाही. शिवडीहून एक बाई बोलल्या. डॉक्टरांनी त्यांचं बाळंतपण कंदिलाच्या उजेडात केलं होतं. तो मुलगा आता गोदीत आहे. कुशाबा म्हणून एक गिरणीतले आहेत. ते म्हणाले, फी विचारली की डॉक्टर आधी जेवलास का विचारायचे. मला हे काहीच ठाऊक नव्हतं. घरी आल्यावर ते फक्त पंखा लाव म्हणत.

कुकरसाठी फोन करायला लाइनच मोकळी नाही. यात बाबुरावांचा हात आहे का, बघायला हवं.

१ मे, रविवार

कंदिलांचा उलगडा झाला. नवीन राज्याच्या रोषणाईसाठी रमाकांतने ते बिल्डिंगलाच आणवले होते. एक माझ्या गॅलरीतही लावला, न विचारता.

दुपारी भोईवाड्याची मंडळी आली. निघाली होती रोषणाई बघायला, वाटेत मला भेटायला. अंगावर नवी लुगडी, कपाळाला गुलाल. दारातच पदराने गुलाल पुसला आणि तोंडं उतरवली. आत येऊन बायका रडायच्या, खाली ढोल वाजला की खिडकीकडे मान जायची. मी म्हटलं, बघा हो, डॉक्टरांनीही बघितली असती.

एवढ्या माणसांना घालायचं काय? बकुळाने हात पुढे करून कपाटाच्या किल्ल्या मागितल्या. दोन्ही दिल्या. तिने वरण लावलं. मी गॅलरीत उभी राहिले, हवेसाठी. शिट्टी झाली तेव्हा रमाकांत ओरडला, पोलीस! सगळे हसले. वरण मऊ झालं होतं. सुभद्राबाईंनी विचारलं, हे कुठं मिळतं? हाच तो क्षण. म्हटलं, आधी बसून घ्या. पण त्या बसलेल्याच होत्या. पुढचं आठवेना.

९ मे, सोमवार

बाबुराव सँपल न्यायला आले होते. आत हळद बघून म्हणाले, वापरलेलं कंपनी परत घेत नाही. एकूण विक्री: एक. गिऱ्हाईक: मी.

जगदीशने अर्ज केला नाही. आठवडाभर ट्रंक कॉल लावत होता, सतत एंगेज. काल लागला. म्हणाला, कोणाशी बोलत असतेस एवढं? राहू दे फोन. म्हटलं, गिऱ्हाइकांशी.

म्हणजे जिंकले. तेव्हापासून फोन मुका आहे. साहजिक आहे. आता सगळ्यांना माहीत झालंय.

पावणेपाचला वाजला. चष्मा न लावताच धावत गेले. बकुळाचा भाऊ होता, परळहून. बकुळा आहे का म्हणाला. ती बाजारात गेली होती. माझ्या तोंडून निघून गेलं, व्हिजिटला गेलीय.